नव्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर : इंजिन ‘बसते’ म्हणजे नेमके काय होते?

दसरा, दिवाळीचा पाडवा किंवा गुढीपाडवा जवळ आला की राज्यातील मोटारगाड्यांच्या शोरूमपुढे नव्या गाड्यांची रांग लागते. कोणी तेथून थेट मंगेशी, म्हार्दोळ किंवा कवळ्याच्या देवस्थानात जातो, कोणी वाड्यावरच्या कपेलात पाद्रीकडून आशीर्वाद घेतो. बॉनेटवर हार चढतो, चाकांखाली लिंबे चिरडली जातात आणि गाडी घरी येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत गोव्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटारगाडी असल्याचे आढळले होते. देशातील राज्यांत हे प्रमाण सर्वाधिक आहे. म्हणजे नवी गाडी घरात येणे हा आपल्याकडे थोड्या लोकांपुरता प्रसंग राहिलेला नाही. अनेक कुटुंबांसाठी घर बांधल्यानंतरची ती सर्वांत मोठी खरेदी असते.

गाडी घरी आली की सल्ले सुरू होतात. घरातील वडीलधारे बजावतात, पहिले हजार किलोमीटर चाळीस-पन्नासच्या वर वेग नेऊ नकोस, इंजिन अजून कोवळे आहे. शेजारचा तरुण नेमके उलटे सांगतो, आताच्या इंजिनांना असले काही लागत नाही. पहिल्या दिवसापासून दाबून चालव, तरच गाडी पळेल. दोघेही अनुभवाच्या बळावर बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यात अर्धे सत्य असते. मात्र यांपैकी कोणत्याही एका टोकाला धरून गाडी चालवली, तर नुकसान व्हायचे तेथेच होते.

गॅरेजमधले मेस्त्री ज्याला ‘इंजिन बसणे’ किंवा ‘रिंगा बसणे’ म्हणतात, त्या क्रियेला नव्या गाडीने सावकाश चालण्याची गरज नसते. तिला गरज असते ती इंजिन पुरेसे तापण्याची, त्यावर मध्यम भार पडण्याची आणि तो भार सतत कमी-अधिक होत राहण्याची. गोव्यासारख्या लहान राज्यात या तिन्ही गोष्टींच्या आड येतो तो गाडीचा वेग नव्हे, तर आपले रोजचे अंतर. हे कसे, ते समजण्यासाठी आधी इंजिनाच्या आत डोकवावे लागेल.

सिलिंडरच्या आत काय घडते?

पेट्रोल वा डिझेलच्या इंजिनात सिलिंडर नावाची नळकांडी असतात आणि प्रत्येक नळकांड्यात एक पिस्टन वर-खाली होत असतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर जाऊन खाली येतो. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते. कारण तापल्यावर पिस्टन फुगतो. ती फट बुजवण्याचे काम पिस्टनच्या खाचांत बसवलेल्या धातूच्या कड्या करतात. त्यांनाच आपण रिंगा म्हणतो. साधारणतः प्रत्येक पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन ज्वलनातून निर्माण झालेल्या वायूचा दाब खाली निसटू देत नाहीत. सर्वांत खालची रिंग भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून खाली परतवते आणि मागे केवळ एक पातळ थर ठेवते.

सिलिंडरची भिंत डोळ्यांना गुळगुळीत दिसली, तरी ती मुद्दाम तशी ठेवलेली नसते. कारखान्यात तिच्यावर घासणीच्या दगडांनी एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या, अतिशय बारीक रेघा पाडल्या जातात. या क्रियेला होनिंग म्हणतात. माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी उथळ असलेल्या या रेघांत ऑइल धरून राहते. दोन रेघांच्या मधले सूक्ष्म उंचवटे मात्र नव्या इंजिनात थोडे धारदार असतात. रिंगांची कडही अजून त्या विशिष्ट सिलिंडरशी तंतोतंत जुळलेली नसते. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये हे उंचवटे आणि रिंगांच्या कडा एकमेकांवर घासून किंचित झिजतात आणि दोन्ही पृष्ठभाग परस्परांना अनुरूप होतात. रेघांचा खोल भाग ऑइल धरण्यासाठी शिल्लक राहतो आणि वर सपाट, टिकाऊ पृष्ठभाग तयार होतो. इंजिन बसणे म्हणतात ते हेच.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. रिंग स्वतःच्या ताणाने भिंतीवर टेकते, पण तो ताण फारसा नसतो. तिला भिंतीवर खऱ्या अर्थाने दाबतो तो ज्वलनाचा वायू. हा वायू रिंगेच्या वरून तिच्या पाठीमागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेरच्या बाजूला ढकलतो. ॲक्सिलरेटरवर पाय जितका अधिक, तितका हा दाब अधिक. म्हणून नव्या गाडीवर मुळीच भार टाकायचा नाही असे ठरवले, तर रिंगांना बसण्यासाठी लागणारा दाबच मिळत नाही. तरुणाच्या सल्ल्यातील अर्धे सत्य ते हे.

दुसरे अर्धे सत्य घर्षणाचे आहे. पृष्ठभाग अजून जुळलेले नसताना जेथे उंचवटे एकमेकांना भिडतात, तेथे नेहमीपेक्षा अधिक उष्णता निर्माण होते. अशा वेळी इंजिन बराच वेळ कमाल फेऱ्यांवर पिटाळले, तर ऑइलचा थर तुटून धातूवर धातू घासला जाऊ शकतो आणि भिंतीवर ओरखडे पडू शकतात. क्रँकशाफ्टची बेअरिंगे, कॅमशाफ्ट, गिअरबॉक्समधील दाते यांनाही एकमेकांशी जुळण्यास थोडा अवधी हवा असतो. वडीलधाऱ्यांची काळजी या बाबतीत निराधार नाही.

‘सावकाश चालवा’ हा सल्ला आला कोठून?

जुन्या पिढीचा सल्ला तिच्या काळातील गाड्यांसाठी योग्यच होता. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘इंजिन बसवणे चालू आहे, कृपया पुढे जा’ अशा अर्थाची चिठ्ठी लावलेली दिसत असे. ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर, या वेगाच्या आत पहिले काहीशे मैल काढण्याची रीत होती. त्याच परंपरेतील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवर बेतलेली हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसेडर आपल्याकडे १९५०च्या दशकाच्या अखेरीस आली आणि २०१४ पर्यंत तयार होत राहिली. त्या गाडीबरोबर ती शिस्तही आली आणि चालकांच्या दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडली.

त्या काळी सिलिंडर आणि पिस्टन यांच्या मापांत आजच्याइतका काटेकोरपणा साधत नसे. पृष्ठभाग खडबडीत असत, ऑइलची प्रत सामान्य असे आणि इंजिनातून सुटणारे धातूचे कणही बरेच असत. त्यामुळे पहिले ऑइल लवकर काढून टाकणे हा तर नियमच होता. आज संगणकाच्या नियंत्रणाखाली चालणारी यंत्रे हे भाग घडवतात. होनिंग करतानाच वरचे धारदार उंचवटे बव्हंशी काढून टाकले जातात, म्हणजे पूर्वी रस्त्यावर होणारे बरेचसे काम आता कारखान्यातच उरकते. ऑइलही कितीतरी सुधारले आहे. तरीही शेवटची जुळणी प्रत्यक्ष ज्वलनाच्या दाबाखाली आणि उष्णतेतच होते. तिला पर्याय सापडलेला नाही. म्हणून गाडी बनवणाऱ्या कंपन्या आजही आपल्या पुस्तिकेत त्यासाठी वेगळा मजकूर देतात.

पुस्तिका काय सांगतात?

गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका बहुतेक घरांत डॅशबोर्डच्या कप्प्यात न उघडताच पडून राहते. ती उघडली, तर ‘अमुक वेगाच्या वर जाऊ नका’ असा सरसकट नियम क्वचितच आढळतो. टोयोटाच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत पहिल्या १००० किलोमीटरसाठी चार गोष्टी टाळायला सांगितल्या आहेत : अतिवेग, एकदम जोरात वेग वाढवणे, सतत खालच्या गिअरमध्ये गाडी चालवणे आणि दीर्घकाळ एकाच वेगाने जाणे. होंडाच्या पुस्तिका पहिल्या १००० किलोमीटरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नये असे सांगतात. फोक्सवॅगनच्या पुस्तिकांत हा काळ १५०० किलोमीटरचा धरलेला आढळतो. त्यातील पहिल्या हजारात इंजिनाच्या कमाल फेऱ्यांच्या दोनतृतीयांशापलीकडे जायचे नाही आणि पुढच्या पाचशेत फेरे हळूहळू वाढवत न्यायचे, असा क्रम असतो.

टोयोटाच्या यादीतील चौथी गोष्ट पुन्हा एकदा वाचण्याजोगी आहे. दीर्घकाळ एकच वेग नको, मग तो वेग ताशी ४० किलोमीटर का असेना. एकाच वेगात आणि एकाच भारात इंजिन चालले, की रिंगांवर एकाच प्रकारचा दाब पडतो आणि झीज सारखी होत नाही. भार वाढला की रिंग भिंतीवर दाबली जाते. पाय उचलला की सिलिंडरमध्ये ओढ निर्माण होते, भिंतीवर ऑइल पोहोचते आणि तापलेले भाग थोडे निवतात. हे आळीपाळीने घडत राहणे हाच इंजिन बसवण्याचा गाभा आहे.

प्रत्येक कंपनीचे आणि प्रत्येक इंजिनाचे आकडे वेगळे असतात. या लेखातील आकडे सर्वसाधारण समजुतीसाठी आहेत. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळे लिहिले असेल, तर तेच प्रमाण मानावे.

अति जपण्याचेही दुष्परिणाम

नवी गाडी जिवापाड जपणाऱ्या मालकाकडून तीन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे सकाळी गाडी सुरू करून दहा-पंधरा मिनिटे अंगणातच उभी ठेवणे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात याला काही अर्थ होता. आजच्या इंधन फवारणाऱ्या इंजिनाला सुरू झाल्यावर पाव-अर्धा मिनिट पुरे असते. त्यानंतर हलक्या पायाने निघणे उत्तम. उभ्या गाडीत इंजिन फार सावकाश तापते. थंड असताना त्याला इंधन अधिक द्यावे लागते, त्यातील न जळालेला अंश भिंतीवरचे ऑइल धुऊन नेतो आणि रिंगांना हवा असलेला दाब तर मिळतच नाही.

दुसरी चूक म्हणजे फेरे कमी ठेवण्याच्या हट्टाने वरच्या गिअरमध्ये गाडी रेटणे. पणजीतील आल्तिनोची चढण चौथ्या गिअरमध्ये चढू लागल्यावर गाडी थरथरते, आवाज घुमू लागतो. तरी चालक गिअर उतरवत नाही. कमी फेऱ्यांवर भार मोठा पडला, की बेअरिंगांतील ऑइलच्या थरावर ताण येतो. नव्या इंजिनासाठी हे जास्त फेऱ्यांइतकेच वाईट. तेथे गिअर उतरवून इंजिनाला मोकळेपणाने फिरू देणे हेच खरे जपणे होय.

तिसरी चूक म्हणजे आठवडेच्या आठवडे फक्त हलका पाय ठेवणे. दाब न मिळाल्याने रिंगा अर्धवट बसतात, ऑइलचा अंश वर निसटून जळतो आणि त्याचा कडक, चकचकीत लेप सिलिंडरच्या भिंतीवर चढतो. होनिंगच्या रेघा या लेपाखाली बुजल्या, की त्यानंतर कितीही व्यवस्थित गाडी चालवली तरी रिंगा नीट बसत नाहीत. गाडी ऑइल पिऊ लागते. पुढे निळसर धूर, खराब झालेले स्पार्क प्लग आणि निकामी होत जाणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर अशी मालिका सुरू होते. दुरुस्तीसाठी इंजिन उघडून भिंतीवर पुन्हा होनिंग करावे लागते, नव्या रिंगा घालाव्या लागतात. हे काम वेळखाऊ आणि महाग असते.

लहान राज्याची अडचण

रोजच्या अंतराचा प्रश्न येथे येतो. पणजीत किंवा मडगावात राहणाऱ्या नोकरदाराचे घर आणि कचेरी यांत चार किलोमीटर अंतर आहे, असे समजू. जाऊन-येऊन रोज आठ किलोमीटर. या हिशेबाने पहिले हजार किलोमीटर पूर्ण व्हायला १२५ दिवस लागतील आणि तेवढ्यात इंजिन किमान २५० वेळा थंड अवस्थेतून सुरू होईल. त्याउलट ४० किलोमीटरच्या २५ फेऱ्यांत हेच अंतर कापले, तर थंड अवस्थेतील सुरुवात २५ वेळाच होईल. मीटरवर आकडा दोन्हीकडे सारखा, पण दोन इंजिनांचा अनुभव अगदी वेगळा.

इंजिनातील पाणी साधारण ९० अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिरावते. ऑइल मात्र पाण्यापेक्षा सावकाश तापते. म्हणजे डॅशबोर्डवरचा थंड इंजिनाचा निळा दिवा विझला, तरी ऑइल अजून पुरते तापलेले नसते. चार किलोमीटरच्या फेरीत ते तापण्याआधीच गाडी थांबते. एक लिटर पेट्रोल जळले, की वाफेच्या रूपाने जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. बहुतेक वाफ धुराड्यातून निघून जाते, पण थोडी रिंगांच्या फटीतून खाली ऑइलकडे उतरते. नव्या इंजिनात रिंगा पुरत्या बसलेल्या नसल्याने हे प्रमाण अधिक असते. ऑइल चांगले तापले तर ही वाफ आणि त्यात मिसळलेले इंधन उडून जाते. तापले नाही तर ती ऑइलमध्येच राहते आणि त्याचा वंगणाचा गुण कमी करते.

यावर उपाय सोपा आहे. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात आठवड्यातून एक-दोनदा तरी ४०-५० किलोमीटरची सलग फेरी काढावी. मडगावहून कुंकळ्ळी, बाळ्ळी आणि करमल घाटावरून काणकोण हा मार्ग यासाठी फार उपयुक्त आहे. त्यात गावांतील संथ वाहतूक आहे, मोकळा रस्ता आहे, चढ आहे आणि उतारही आहे. पणजीहून फोंडामार्गे मडगाव गाठून परत यावे, किंवा म्हापशाहून डिचोली, साखळी करत वाळपईकडे जावे. आपल्याकडील वळणावळणाचे, चढ-उताराचे रस्ते इंजिन बसवण्याच्या दृष्टीने सरळसोट महामार्गापेक्षा चांगले ठरतात. कारण तेथे भार आपोआप बदलत राहतो.

हजार किलोमीटरचा आराखडा

पहिले ३०० किलोमीटर : या टप्प्यात घाई नको. इंजिन तापेपर्यंतच्या पहिल्या काही किलोमीटरांत पाय हलका ठेवावा. तापल्यावर ॲक्सिलरेटर साधारण अर्ध्यापर्यंत दाबून वेग वाढवावा, मग पाय उचलून गाडीला गिअरमध्येच मंदावू द्यावे. पेट्रोल इंजिनाचे कमाल फेरे ६००० च्या आसपास असतील, तर दोनतृतीयांशाची मर्यादा ४००० येते; डिझेलचे कमाल फेरे ४५०० असतील, तर ती ३००० येते. प्रारंभी या मर्यादेच्याही थोडे खालीच राहणे बरे. अचानक जोराचा ब्रेक लागू नये म्हणून पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा अधिक अंतर ठेवावे.

३०० ते १००० किलोमीटर : आता लांबच्या फेऱ्या वाढवाव्यात. तापलेल्या इंजिनावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मध्यम ते थोडा अधिक भार टाकून वेग वाढवणे आणि नंतर गिअरच्या ओढीने तो उतरू देणे, असे प्रत्येक फेरीत काही वेळा करावे. वाहतूक आणि वेगमर्यादा पाहूनच. क्रूझ कंट्रोलची सोय असेल, तर ती या काळात बंद ठेवावी. ऑटोमॅटिक गाडीत चढणीवर गिअर हाताने उतरवण्याची सोय असेल, तर तिचा उपयोग करावा.

१००० ते १५०० किलोमीटर : फेऱ्यांची मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावी. एकाच दिवशी बंधन संपले असे समजून इंजिन लाल रेषेपर्यंत पिटाळू नये.

बेळगाव, कोल्हापूर किंवा पंढरपूरला नव्या गाडीने पहिल्याच महिन्यात जायचे झाले, तर त्यात गैर काही नाही. चोर्ला किंवा अनमोडचा घाट योग्य गिअरमध्ये चढला, तर इंजिनाला तो बाधत नाही. मात्र गाडीत माणसे आणि सामान खच्चून भरू नये आणि छतावर ओझे लादू नये. बेळगावच्या पुढे पुणे-बंगळूर महामार्गावर गाडी लागली, की तासन्‌तास एकाच वेगाने जाण्याचा मोह होतो. तेथे अधूनमधून वेग दहा-वीसने कमी-अधिक करत राहावे आणि दोन तासांनी थांबावे.

ऑइल, ब्रेक आणि टायर

नव्या इंजिनात रिंगा बसेपर्यंत थोडे ऑइल जळणे स्वाभाविक असते. म्हणून पहिले हजार किलोमीटर होईपर्यंत दर १५ दिवसांनी ऑइलची पट्टी काढून पातळी पाहावी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पट्टी पुसून पुन्हा बुडवावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे.

पहिले ऑइल हजार किलोमीटरलाच बदलावे का, हा वादाचा विषय आहे. बहुतेक कंपन्यांची पहिली मोफत सर्व्हिस हजार किलोमीटर किंवा एक महिना या सुमारास असते. त्या वेळी अनेक गाड्यांची केवळ तपासणी होते, ऑइल बदलत नाहीत. होंडासारखी कंपनी तर ठरलेल्या वेळेआधी पहिले ऑइल बदलू नये असे स्पष्ट सांगते. म्हणून पुस्तिकेत जे वेळापत्रक असेल, तेच पाळावे. वेळेआधी बदलायचेच असेल, तर अधिकृत सर्व्हिस केंद्रात विचारून, पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच ऑइल घालावे आणि त्याची पावती जपून ठेवावी. इंजिन लवकर बसवण्याच्या किंवा मायलेज वाढवण्याच्या नावाखाली विकली जाणारी द्रव्ये ऑइलमध्ये मिसळू नयेत. त्यांच्यामुळे वॉरंटीचा प्रश्नही उद्भवू शकतो.

इंजिनाच्या चर्चेत ब्रेक आणि टायर विसरले जातात. वास्तविक जिवाशी गाठ त्यांची असते. नवे ब्रेक पॅड डिस्कवर पूर्ण टेकायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. तोपर्यंत गाडी थांबायला किंचित अधिक अंतर घेते. नव्या टायरांची पकडही पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये पूर्ण क्षमतेने मिळत नाही. गाडी चतुर्थीच्या सुमारास, भर पावसात घरी आली असेल, तर ओल्या रस्त्यावर या दोन्ही गोष्टी एकदम जाणवतात. वळणांवर आणि पुलांच्या उतारांवर नव्या गाडीचा वेग आवरता ठेवावा, तो इंजिनासाठी नव्हे तर यासाठी.

टर्बो, डिझेल, हायब्रिड आणि वीज

टर्बोचार्जर असलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनांना कमी फेऱ्यांवर मोठा भार विशेष मानवत नाही. त्यामुळे चढणीवर गिअर उतरवण्याचा नियम त्यांना अधिकच लागू पडतो. घाट चढून आल्यावर इंजिन ताबडतोब बंद न करता अर्धा-एक मिनिट चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोतून ऑइल फिरून तो निवतो.

भारत स्टेज सहाचे निकष एप्रिल २०२० पासून लागू झाल्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ होण्यासाठी धूर बराच तापावा लागतो आणि त्यासाठी सलग धाव लागते. केवळ चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्याने डिझेल गाडी घेण्यापूर्वीच या गोष्टीचा विचार करावा. हायब्रिड गाडीत पेट्रोल इंजिन मध्येच सुरू आणि मध्येच बंद होत असल्याने मीटरवरचे हजार किलोमीटर म्हणजे इंजिनाचे हजार किलोमीटर नव्हेत. तेथेही लांब फेऱ्या उपयोगी पडतात. विजेवर चालणाऱ्या गाडीत रिंगाही नाहीत आणि सिलिंडरही नाही, पण ब्रेक आणि टायर तिलाही आहेत. त्यांच्याबाबतचे नियम तिलाही लागू आहेत.

इंजिन बसले, हे कसे ओळखावे?

आजची इंजिने सोशिक आहेत. एखाद्या वेळी ट्रकला ओलांडताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा लागला, तर इंजिन बिघडले अशी धास्ती घेण्याचे कारण नाही. अशा क्षणी इंजिनापेक्षा माणसांचा जीव मोलाचा. परिणाम होतो तो एखाद्या प्रसंगाने नव्हे, तर महिनाभर लागलेल्या सवयीने.

मालकाने एक छोटी वही गाडीत ठेवावी. गाडी ताब्यात घेताना मीटरचा आकडा आणि ऑइलची पातळी लिहावी. पुढे १०००, २००० आणि ३००० किलोमीटरला पुन्हा पातळी नोंदवावी आणि मध्ये ऑइल घालावे लागले असेल, तर किती ते लिहावे. ऑइलची घट प्रत्येक टप्प्याला कमी होत गेली, तर रिंगा बसत आहेत. ती थांबलीच नाही, उलट वाढली, तर ही नोंद घेऊन अधिकृत सर्व्हिस केंद्रात जावे. काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटरपर्यंतची घट आपल्या पुस्तिकेत मर्यादेतील मानतात, हेही जाण्याआधी माहीत असलेले बरे. तक्रार तोंडी सांगून न थांबता ती जॉब कार्डवर लिहून घ्यावी आणि त्याची प्रत मागावी. वॉरंटीची मुदत चालू असताना झालेली ही लेखी नोंद पुढे दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा, हे ठरवताना कामी येते.